मुलांना ‘कसं लागतंय?’चं उत्तर मराठीत देता यावं म्हणून

परदेशातल्या मराठी वर्गात येणाऱ्या बहुतेक मुलांना पदार्थांची नावं येतात. पोळी, वरण, पोहे, शिरा, चकली हे शब्द घरात रोज कानांवर पडतात. गाडी अडते ती त्यापुढे. चकली कशी झालीय असं विचारलं की उत्तर येतं ‘छान’, ‘मस्त’ किंवा ‘यमी’. आजीनं मन लावून केलेल्या चकलीला ‘खुसखुशीत झालीय’ म्हणता येत नाही आणि सादळलेल्या चकलीचं काय बिघडलंय तेही सांगता येत नाही.

मी अमेरिकेत रविवारच्या मराठी वर्गात पाच ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. नवीन स्वयंसेवक शिक्षकांना ‘खाद्यपदार्थ’ हा धडा सोपा वाटतो. चित्रं दाखवायची, नावं म्हणून घ्यायची, शेवटी खाऊ वाटायचा. मुलं खूश होऊन घरी जातात आणि पुढच्या रविवारी पाटी कोरी असते. म्हणून मी वर्गात जे करते ते इथे क्रमानं लिहिते आहे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे घरी हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलणारी कितीतरी मुलं आता मराठीच्या तासाला बसतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मुलांना शब्दांची यादी पाठ करायला लावू नका. ‘कसं लागतंय?’ हा प्रश्न त्यांच्या कानांवर सतत पडू द्या आणि त्याचं उत्तर देणारं आख्खं वाक्य त्यांच्या तोंडी बसवा. शब्द त्या वाक्यात बसून आपोआप येतात.

आधी जमवायचं सामान

- पालकांनी भरून सही केलेला अ‍ॅलर्जीचा फॉर्म
- वर्ग जिथे भरतो त्या जागेची खाण्याच्या पदार्थांसाठी लेखी परवानगी
- छोट्या वाट्या, लाकडी चमचे, पाण्याचे पेले, ओले टिश्यू, कचऱ्याची पिशवी
- झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या
- घट्ट झाकणाचा एक डबा आणि गरम पाण्याचा थर्मास
- गूळ, मीठ, लिंबं, साखर, कारलं, आवळा (गोठवलेला चालतो, इंडियन ग्रोसरीत मिळतो), जिरं, भाजलेले पापड, दही
- जाड कागदाच्या पट्ट्या आणि ठळक मार्कर

१. आधी अ‍ॅलर्जी, मग चव

ही पायरी कुणीही वगळू नये. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट, तीळ, काजू आणि दूध इतक्या ठिकाणी असतं की ते आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत पाकिटावर ठळकपणे लिहावेच लागतात अशा अ‍ॅलर्जीच्या मुख्य पदार्थांत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा पदार्थ आला. ब्रिटनच्या यादीत असे चौदा पदार्थ आहेत आणि त्यात मोहरीही आहे. कॅनडातही मोहरी यादीत आहे. म्हणजे तिळगूळ तर सोडाच, साधी फोडणीसुद्धा विचारूनच.

फॉर्ममध्ये ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ एवढाच प्रश्न ठेवू नका, घाईत पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. शेंगदाणे, काजू-बदाम-पिस्ते, तीळ, दूध, गहू, मोहरी, सोयाबीन, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे अशी नावं छापा आणि प्रत्येकापुढे चौकट द्या. गव्हाच्या बाबतीत एक छुपी जागा म्हणजे हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि तोच हिंग पापडातही जातो. पाकीट घरी वाचा, वर्गात येताना त्याचा फोटो बरोबर ठेवा.

धाकटी भावंडंही वर्गात येऊन बसतात. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या किंवा अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते.

उपास, जैन घरातलं कांदा-लसूण न खाणं, शाकाहार, हेही फॉर्ममध्येच विचारा. आणि शाळेची किंवा ग्रंथालयाची खोली भाड्यानं घेतली असेल तर तिथे शेंगदाण्याला पूर्ण बंदी असू शकते. तशी असेल तर वादात न पडता त्याशिवायचे पदार्थ निवडा. खाली मी सुचवलेल्या प्रयोगांत शेंगदाणा कुठेच नाही.

२. एका तासाला सहाच शब्द, तेही जोडीनं

मराठीत चवीचे आणि पोताचे शब्द इतके आहेत की शिक्षकालाच मोह होतो. फळ्यावर चाळीस शब्द लिहिले की छान भरल्यासारखं दिसतं, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. एका तासाला सहा शब्द पुरे, पाच-सहा वर्षांच्या मुलांना चारच.

शब्द विरुद्ध जोड्यांत घ्या: गोड-कडू, खारट-अळणी, ताजं-शिळं, दाट-पातळ, कुरकुरीत-सादळलेलं, गरमागरम-गारढोण. एका वाटीतलं चाखून लगेच दुसऱ्या वाटीतलं चाखलं की फरक जिभेला कळतो, मग समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

कुठून सुरुवात करायची यालाही कारण आहे. गोड, आंबट, तिखट, खारट, कडू, तुरट, अळणी हे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. लाडू गोड, पोळी गोड, श्रीखंडही गोडच. कुरकुरीत, लुसलुशीत, झणझणीत हे सगळे ‘ईत’वाले शब्दही तसेच. याउलट शिळा-शिळी-शिळं, कच्चा-कच्ची-कच्चं, ताजा-ताजी-ताजं हे बदलतात. पहिले तीन-चार तास फक्त न बदलणारे शब्द घेतले तर मूल न चुकता पूर्ण वाक्य बोलतं आणि त्याची भीड चेपते. बदलणाऱ्यांकडे सातव्या पायरीत येऊ.

३. ‘आवडलं का?’ विचारायचं सोडा

‘आवडलं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही याशिवाय उत्तरच नाही. ‘कसं लागतंय?’ असं विचारलं की विशेषण शोधावंच लागतं. हा बदल शिक्षकानं स्वतःच्या जिभेला लावून घ्यायचा आहे आणि पालकांनाही सांगायचा आहे. आठवड्यातून एक तास आपण विचारणार, बाकीच्या जेवणांना घरचे विचारणार.

उत्तरासाठी तीन वाक्यं पक्की करा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

चवीसाठी: आवळा तुरट लागतो. गूळ गोड लागतो. कैरी आंबट लागते.

पदार्थ कसा बनलाय त्यासाठी: आमटी खारट झालीय. पोळी वातड झालीय. भात मोकळा झालाय.

वासासाठी: जिऱ्याचा खमंग वास येतोय. दुधाचा करपट वास येतोय.

घरात इंग्रजी बोलणारी मुलं तिन्ही ठिकाणी ‘आहे’ वापरतात. ‘गूळ गोड आहे’ चुकीचं नाही, ते चालू द्या. पण ‘लागतं’ आणि ‘झालंय’ कानांवर पडले नाहीत तर मुलांचं बोलणं कायम पुस्तकी राहतं. मी सुधारत बसत नाही, मुलाचंच वाक्य पुढे नेते. मूल म्हणालं ‘आमटी खारट आहे’, की मी म्हणते, ‘हो ना, जरा खारटच झालीय. पाणी घालूया का?’

४. पहिला तास: जिभेवरच्या चवी

वाट्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. गूळ, मग मीठ, मग लिंबू, मध्ये पाणी, त्यानंतर आवळा आणि शेवटी कारलं. कडू आधी दिलं तर पुढचं काही चाखायला मुलं तयार होत नाहीत. कारल्याची पातळ चकती वाफवून द्या. मीठ चिमटीत मावेल त्याहून कमी, चमच्याच्या टोकावर.

आवळ्यापाशी थांबा, घाई करू नका. ‘तुरट’ हा शब्द समजावून सांगणं कठीण आहे, पण आवळ्याची फोड चावली की जीभ आणि गालांच्या आतली बाजू आवळल्यासारखी होते. मुलं चेहरे वेडेवाकडे करतात, तेव्हाच शब्द द्यायचा: ‘हे तुरट.’ आता सगळ्यांना एकेक घोट साधं पाणी प्यायला सांगा. आवळ्यानंतरचं पाणी गोड लागतं. पाण्यात साखर घातली का म्हणून मुलं भांडतात, दुसरा पेला मागतात, पुन्हा पिऊन बघतात. या गडबडीत ‘आवळा तुरट लागतो, पाणी गोड लागतं’ हे वाक्य वर्गात कितीतरी वेळा बोललं जातं, आणि कुणाला ते पाठ करायला सांगावं लागत नाही. आवळा मिळाला नाही तर अर्धकच्चं केळं वापरा. त्यालाही तुरटपणा असतो, पाण्याची गंमत मात्र मिळणार नाही.

तिखट पहिल्या तासाला नको. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना दह्यात कणभर लाल तिखट कालवून द्यायला हरकत नाही, तेही पालकांनी होकार दिला असेल तरच. कुणाला झोंबलं तर पाणी देऊन उपयोग होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून साधं दही किंवा दूध हाताशी ठेवा.

इथे एक मोठा सापळा आहे. इंग्रजीत तिखटालाही आणि तापलेल्यालाही एकच शब्द चालतो, म्हणून मुलं मिरची खाऊन ‘गरम आहे’ म्हणतात. तसंच मसालेदार आणि तिखट यांची गल्लत होते. गरम मसाल्याचा पुलाव मसालेदार असतो, पण तिखट असेलच असं नाही. दोन वाट्या घ्या: एकीत वेलची-दालचिनी घातलेलं कोमट दूध, दुसरीत फ्रिजमधलं गार, कणभर तिखट घातलेलं दही. ‘हे गार आहे, पण तिखट लागतंय’ हे वाक्य एकदा म्हणून झालं की गल्लत बहुतेक मिटते.

५. दुसरा तास: दाताखालचा आवाज

माझ्या मते मराठीचा खरा खजिना चवींपेक्षा पोताच्या शब्दांत आहे. यातले कितीतरी शब्द आवाजावरून किंवा स्पर्शावरून घडलेत, म्हणून मुलांना ते लवकर पकडता येतात: कुरकुरीत, खुसखुशीत, करकरीत, लुसलुशीत, रसरशीत, बुळबुळीत, गिळगिळीत, चुरचुरीत.

पापडाचा प्रयोग करा. भाजलेले पापड घट्ट झाकणाच्या डब्यात आणा. एक पापड बाहेर काढून थर्मासच्या वाफेवर मिनिट-दोन मिनिटं धरा. आता मुलांना डोळे मिटायला सांगा. डब्यातला पापड एकाच्या कानाजवळ मोडा: कट्‌. वाफेवरचा मोडायला जा: तो मोडतच नाही, नुसता वाकतो. मुलांनाच विचारा, काय झालं? ‘ओला झाला’, ‘मऊ झाला’ अशी उत्तरं येतील, ती बरोबरच आहेत. मग शब्द द्या: सादळला. पापड सादळला, चकली सादळली, बिस्किट सादळलं. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं हे न सांगता मुलं तीन वाक्यांत ऐकतात. पावसाळ्यात घरी आजी डबे घट्ट का लावते, हेही सुट्टीत भारतात गेलेल्या मुलांना आठवतं.

कुरकुरीत आणि खुसखुशीत यांतला फरक मोठी मुलं हमखास विचारतात. दातांखाली आवाज करत मोडतं ते कुरकुरीत: चिवडा, तळलेली कुरडई, कांदाभजी. फार आवाज न करता तोंडात विरघळत भुगा होतो ते खुसखुशीत: करंजी, शंकरपाळे, नानकटाई. चकलीला दोन्ही शब्द लावणारी घरं आहेत, दोन्ही चालतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना यामागचं कारणही सांगा. पिठात कडकडीत तेलाचं किंवा तुपाचं मोहन घातलं की पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो, मग पाण्यानं भिजवताना पिठाला चिवटपणा कमी येतो आणि करंजी खुसखुशीत होते. मोहन कमी पडलं तर ती कडक होते. आणि अनारसा तुपात विरघळून पसरला तर आपण म्हणतो ‘अनारसा हसला’. हे वाक्य ऐकून मुलं इतकी खूश होतात की ते कधीच विसरत नाहीत.

बाकीचे शब्द वस्तू हातात देऊनच शिकवा. करकरीत काकडी, रसरशीत संत्रं, चिरलेली बुळबुळीत भेंडी, लुसलुशीत ढोकळा. भेंडीला नुसतं बोट लावलं तरी पुरे. खायची सक्ती नको.

भाताला वेगळा तास द्यावासा वाटला तर जरूर द्या. एकच तांदूळ, पाणी कमी-जास्त: फडफडीत, मोकळा, मऊ, आसट, गुरगुट्या. घरी कोण कसा भात खातं यावर मुलं आपणहून बोलायला लागतात. आजारी असताना मिळालेला गुरगुट्या भात, तूप-मीठ घातलेला, बहुतेकांच्या ओळखीचा निघतो.

६. तिसरा तास: नाक

तीन बरण्यांत जिरं घ्या. एकीत कच्चं, दुसरीत मंद आचेवर भाजलेलं, तिसरीत मुद्दाम करपवलेलं. झाकण उघडून वास घ्यायचा आणि लगेच बंद करायचं, नाहीतर वास मिसळतात. मधल्या बरणीला शब्द ‘खमंग’, शेवटच्या बरणीला ‘करपट’. मोठ्या मुलांना ‘खरपूस’ही द्या: भाकरीचा किंवा बेसनाचा, छान तांबूस भाजल्यावर येतो तो. शेवटी बरण्यांची अदलाबदल करा आणि डोळे मिटून ओळखायला लावा.

दूध चालणाऱ्या मुलांसाठी आणखी एक: नाक चिमटीत धरून वेलचीचं श्रीखंड खायचं. आंबटगोड एवढंच कळतं. नाक सोडलं की वेलची लागते. ‘वास’ आणि ‘चव’ यांसाठी वेगवेगळी वाक्यं का शिकलो ते इथे कळतं.

खवट, कुबट, उग्र, आंबूस हे शब्द बरणीत आणू नका. खराब झालेला पदार्थ वर्गात नकोच. घरी जुन्या खोबऱ्याचा खवट वास आला की पालकांनी तेव्हाच तो शब्द वापरावा.

७. मग लिंग: शिळा, शिळी, शिळं

न बदलणारे शब्द रुळले की बदलणारे घ्या. तीन पदार्थ पक्के ठरवा आणि तेच वापरत राहा: भात, पोळी, वरण. शिळा भात, शिळी पोळी, शिळं वरण. ताजा, ताजी, ताजं. कच्चा, कच्ची, कच्चं. नवीन शब्द आला की याच तिघांना लावून बघायचा. नियम सांगण्यापेक्षा हे तीन नमुने वाऱ्यासारखे भरभर म्हणता येणं जास्त कामाचं आहे.

८. कमी, जास्त, फारच जास्त

नुसतं ‘खूप गोड’ म्हणण्यापेक्षा मराठीत पायऱ्या आहेत: अगोड, गोडसर, गोड, गोडमिट्ट. आंबटाला आंबटसर, आंबट, आंबटढाण. कडूला कडवट, कडू, कडूजहर. तिखटाला तिखटजाळ. याला सरबताचा प्रयोग उत्तम. चार जग, प्रत्येकात एक लिटर पाणी, दोन लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ. पहिल्यात साखर नाही. दुसऱ्यात दोन मोठे चमचे, तिसऱ्यात सहा, चौथ्यात बारा. लिंबं कमी-जास्त आंबट असतात, म्हणून आधी घरी चाखून प्रमाण ठरवा.

जग मुद्दाम उलटसुलट ठेवा. मुलांनी चाखून पट्ट्यांवरचे शब्द जगांपुढे लावायचे. दोन मुलांचं एकमत होत नाही, एकाला जे आंबटगोड तेच दुसऱ्याला गोडमिट्ट, आणि मग ती मराठीत भांडतात. भांडू द्या. जोपर्यंत मराठीत चाललंय तोपर्यंत मध्ये पडू नका.

सात वर्षांखालच्या मुलांना ही पायरी नको.

९. नापसंतीचे शब्दही द्या

मुलं ‘यक्’ म्हणतात कारण त्यांच्याकडे दुसरा शब्द नसतो. तो द्या: मिळमिळीत, पाणचट, गुळचट, अळणी, वातड, गिळगिळीत, उग्र. आणि पूर्ण वाक्य द्या: ‘मला भेंडी नको, बुळबुळीत लागते.’ कारणासह नकार देणाऱ्या मुलाला मी शाबासकी देते आणि ती भेंडी खाल्लीच पाहिजे असं म्हणत नाही. खाणं सक्तीचं केलं की दुसऱ्या आठवड्यापासून मूल वर्गात यायलाच कुरकुर करतं. नुसता वास घेऊन, बोट लावून, तोडून बघूनही वर्णन करता येतं.

सोबत रीतही शिकवा. दुसऱ्याच्या घरी जेवताना ‘आमटी अळणी आहे’ असं तोंडावर म्हणत नाहीत, ‘जरा मीठ मिळेल का?’ म्हणतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा भेद नीट समजतो आणि तो नाटुकल्यात करून दाखवायला त्यांना फार आवडतो. यजमान, पाहुणा आणि अळणी आमटी, एवढ्यावर दहा मिनिटं जातात.

१०. घरचे शब्द खोडू नका

एका वर्गात नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, पणजी अशा ठिकठिकाणच्या घरांतली मुलं असतात. कुणाकडे पोळी, कुणाकडे चपाती. कुणाकडे आमटी, कुणाकडे कालवण. विदर्भातलं मूल तर्री म्हणेल, कोकणातल्या घरात सोलकढी रोजची असेल. शिक्षकानं ‘बरोबर शब्द पोळी’ असं म्हटलं की मुलाला वाटतं आपल्या आईची मराठी चुकीची आहे. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा आणि ज्याच्या घरातला शब्द त्याचं नाव खाली लिहा. पालकांकडून त्यांच्या गावाकडचे चवीचे शब्द मागवले तर शिक्षकाच्याही पदरात नवे शब्द पडतात.

मोठ्या मुलांना कुणी पालक आयुर्वेदातले सहा रस सांगायला आले तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय यांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून वर्गात हमखास गोंधळ उडतो.

११. सणांच्या अंगानं उजळणी

वर्षभराचं वेळापत्रक करताना चवीचे तास सणांजवळ ठेवा, कारण तेव्हा घरात तोच पदार्थ असतो. गणपतीत उकडीचे मोदक, लुसलुशीत पारी आणि आत नारळ-गुळाचं सारण. कोजागरीला दाट मसाला दूध. संक्रांतीला गुळाची खुसखुशीत पोळी, कडक तिळाची वडी आणि काटेरी हलवा. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं गुळाबरोबर, कडू आणि गोड एकाच घासात. उन्हाळ्यात पन्हं.

दिवाळी मात्र सगळ्यांत महत्त्वाची. फराळाच्या एका ताटात पोताचे बहुतेक शब्द सापडतात: कुरकुरीत चिवडा, खुसखुशीत करंजी, रवाळ बेसन लाडू, जाळीदार अनारसा, ठिसूळ शंकरपाळे. दिवाळीच्या आठवड्यात नवा शब्द शिकवू नका, नुसतं बोलून घ्या.

कागदाच्या ताटाचा खेळही उजळणीला चांगला. मोठ्या गोल कागदावर ताट काढायचं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात-वरण. प्रत्येक पदार्थ चिकटवताना एक शब्द बोलायचा. ताट वाढायची पद्धतही कळते.

१२. आलं की नाही हे कसं बघायचं

लेखी परीक्षेत ‘गोड × ___’ असा प्रश्न घातला तर फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा ‘ओळखा पाहू’ खेळा. एका मुलाला पदार्थाचं नाव लिहिलेली पट्टी मिळते, ती कुणाला दाखवायची नाही. त्यानं तीन वाक्यांत वर्णन करायचं, त्यातलं एक चवीचं, एक पोताचं, एक वासाचं. बाकीच्यांनी ओळखायचं. ‘हे लागतं गोड. हे असतं रवाळ. याला भाजलेल्या बेसनाचा खमंग वास येतो.’ ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘यमी’ हे तीन शब्द खेळात बंद. कुणी चुकून वापरला तर गुण कापू नका, ‘म्हणजे कसं?’ असं सगळ्यांनी मिळून विचारायचं.

नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे न विचारता, आपणहून वापरलेले शब्द लिहून ठेवा. पट्टी बघून वाचलेला शब्द त्यात धरू नका. तीन आठवड्यांनी ज्या शब्दापुढे कुणाचंच नाव नसेल तो शब्द दुसऱ्या पदार्थाबरोबर पुन्हा घ्या. बुळबुळीत भेंडीवर बसला नसेल तर भिजवलेल्या सब्जावर बसतो.

घरचा अभ्यास एकच द्या: रविवारी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि ‘आज काय जेवलात? कसं झालं होतं?’ असं विचारायचं. त्यांच्या उत्तरातला एक नवा शब्द पुढच्या वर्गात आणायचा आणि तो पट्टीवर स्वतःच्या हातानं लिहायचा. आजी-आजोबा नसतील तर शेजारचे काका, मावशी, आत्या, कुणीही चालेल. पालकांना मात्र आधीच सांगून ठेवा, की कॉल चालू असताना मागून उत्तर सुचवायचं नाही.